चकमकीच्या शिकारी बंदुका : झळाळीपलीकडची पारख

लंडनमधील लिलावगृहांच्या याद्यांत पुष्कळदा एकाच कारागिराच्या, एकाच दशकातील दोन शिकारी बंदुका शेजारी शेजारी छापलेल्या आढळतात. दोन्हींच्या नळीवर तेच नाव, दोन्हींचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, दोन्हींची यंत्रणा चकमकीची. तरीही एकीची अपेक्षित किंमत दुसरीच्या कितीतरी पट असते. नवख्याला बुचकळ्यात टाकणारी गोष्ट पुढेच आहे: अधिक लखलखीत दिसणारी बंदूक अनेकदा स्वस्त असते, आणि मळकट, काळपट, दस्त्यावर जुन्या ओरखड्यांची जाळी असलेली बंदूक महाग. या उलट्या वाटणाऱ्या हिशेबामागे काय असते, हे समजून घेणे म्हणजेच जुन्या बंदुकांची पारख समजून घेणे होय.

चकमकीच्या यंत्रणेचा शोध सर्वसाधारणपणे फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातील लिझ्यू गावच्या मारें ल बूर्ज्वा या कारागिराच्या नावे नोंदवला जातो. काळ १६१० च्या सुमाराचा. तत्पूर्वी तोड्याची बंदूक प्रचारात होती. तिला जळती वात सतत सांभाळावी लागे. ल बूर्ज्वाच्या रचनेत वातीची जागा गारेच्या तुकड्याने घेतली. घोड्याच्या जबड्यात कातड्यात गुंडाळलेली गार घट्ट आवळलेली असते. चाप ओढला की मुख्य कमानीच्या जोराने घोडा पुढे झेपावतो आणि गार समोरच्या उभ्या पोलादी पातीवर घासते. या पातीला इंग्रजीत ‘फ्रिझन’ म्हणतात. घर्षणाने पोलादाचे बारीक तप्त कण सुटतात. त्याच धक्क्याने फ्रिझन मागे उलटते, तिच्याखाली झाकलेली वाटी उघडी पडते आणि ठिणग्या वाटीतल्या रंजकावर कोसळतात. रंजक भडकते, त्याची ज्वाळा नळीच्या कान्यातून आत शिरते आणि आतली दारू पेट घेते. वर्णनाला इतकी वाक्ये लागली, तरी चांगल्या बंदुकीत हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. बंदूक वाईट असेल तर वाटीत भपकारा उडतो, क्षणभर काहीच होत नाही, मग बार निघतो. तोवर पक्षी दूर गेलेला असतो.

त्या क्षणभराच्या विलंबाशी झुंजण्यातच इंग्लंडच्या बंदूककारांनी जवळजवळ अर्धे शतक घालवले. १७७० ते १८२० हा शिकारी चकमकी बंदुकीचा उत्कर्षकाळ मानला जातो. उडत्या पक्ष्यावर नेम धरण्याची रीत तिथल्या जमीनदार वर्गात रुजली होती आणि त्यासाठी हलकी, चपळ, भरवशाची बंदूक हवी होती. हेन्री नॉक याने १७८७ मध्ये नळीच्या बुडाच्या नव्या रचनेचे पेटंट घेतले. तीत काना आणि मुख्य दारू यांच्यामध्ये एक लहानसा कक्ष असे. त्यामुळे दारू अधिक वेगाने आणि अधिक पूर्णपणे जळू लागली. पूर्वी दारूला जळायला वाव मिळावा म्हणून नळ्या लांबलचक ठेवाव्या लागत. त्या आता आखूड करता आल्या आणि त्यातून एकमेकींना चिकटलेल्या दोन नळ्यांची बंदूक खांद्याला पेलण्याजोगी झाली. जोसेफ मँटन याने १८०६ मध्ये दोन नळ्यांच्या मधोमध उंचावलेल्या पट्टीचे पेटंट घेतले. त्याचा थोरला भाऊ जॉन मँटन, स्विस वंशाचा डर्स एग, जॉन ट्विग, मॉर्टिमर घराणे ही त्या काळातली मोठी नावे. जोसेफ मँटन कलावंत होता, व्यवहारी मात्र नव्हता. १८२६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. पण त्याच्याच कारखान्यात हात बसलेल्या जेम्स पर्डीने पुढे स्वतःची पेढी नावारूपाला आणली. इंग्लिश शिकारी बंदुकीची जी घडण आजही जगभर अनुकरली जाते, तिचे मूळ या चकमकीच्या दिवसांत आहे.

या कालखंडाची अखेर एका धर्मोपदेशकाने केली. स्कॉटलंडमधील बेल्हेल्वी येथील रेव्हरंड अलेक्झांडर फोर्सिथ यांना बदकांच्या शिकारीची आवड होती. वाटीतला भपकारा दिसताच पक्षी सावध होऊन पाण्यात बुडी मारतात, हे त्यांच्या ध्यानात आले. आघाताने पेटणाऱ्या स्फोटक मिश्रणाचा उपयोग करणाऱ्या यंत्रणेचे पेटंट त्यांनी १८०७ मध्ये मिळवले. त्यातूनच पुढे तांब्याच्या टोपीची, म्हणजे आपल्याकडे केपाची म्हणून ओळखली जाणारी बंदूक आली. १८२० आणि १८३० च्या दशकांत हजारो मालकांनी आपापल्या चकमकीच्या बंदुका बंदूककाराकडे नेऊन केपाच्या करून घेतल्या. नवी घेण्यापेक्षा ते स्वस्त पडे. त्या काळातला हा साधा काटकसरीचा व्यवहार आजच्या संग्राहकाच्या साऱ्या डोकेदुखीचे मूळ आहे. त्याकडे पुढे वळू.

त्याआधी एक गोष्ट, जी किमतीपेक्षा महत्त्वाची आहे. जुनी ठासणीची बंदूक हाती आली, तर ती भरलेली आहे असेच गृहीत धरावे. शिकारीहून परतल्यावर बार न काढता बंदूक खुंटीला टांगून ठेवण्याची सवय सर्वत्र होती. मालक गेला, पिढ्या उलटल्या, बंदूक तशीच राहिली. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. तपासण्याची रीत सोपी आहे. नळीचे तोंड निर्धोक दिशेला ठेवून, शरीराचा कोणताही भाग तोंडासमोर येऊ न देता, एक लाकडी काठी नळीत हलकेच सोडावी. ती थांबेल तिथे तोंडाशी खूण करावी. मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून पाहावी. काठीचे टोक कान्याच्या जवळपास पोहोचत असेल तर नळी रिकामी आहे. ते काही बोटे अलीकडेच राहत असेल, तर आत काहीतरी आहे. ते नुसते वाळवीचे घर असेल, चिंध्या असतील किंवा दारू आणि छर्रेही असतील. नॉकच्या पद्धतीच्या बुडात काठी थोडी अलीकडे थांबते, एवढा फरक ध्यानात घ्यावा. शंका असल्यास पुढे काही करू नये. धातूच्या सळईने खरवडणे, कान्यात तार घालणे, नळी तापवणे हे प्रकार जिवावर बेतणारे आहेत. अशी बंदूक पोलिसांना कळवून जाणकाराच्याच हाती सोपवावी. दोन नळ्या असतील तर दोन्ही स्वतंत्रपणे मोजाव्यात. एक रिकामी निघाली म्हणून दुसरीही रिकामी असतेच असे नाही.

नळी रिकामी असल्याची खात्री पटली की पारख सुरू होते. तिची सुरुवात यंत्रणेपासून करण्याचा प्रघात आहे. घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढावा. पहिल्या खटक्याला तो अर्धा चढतो. या स्थितीत चाप ओढला तरी घोडा सुटता कामा नये, कारण शिकारी बंदूक भरून खांद्यावर वाहून नेत असताना त्याची भिस्त याच खाचेवर असे. दुसऱ्या खटक्याला घोडा पूर्ण चढतो. चांगल्या लॉकमध्ये हे दोन्ही आवाज स्पष्ट आणि वेगवेगळे येतात, आणि कमानीचा ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, तुपासारखा मऊ जाणवतो. आवाज दबका असेल, घोडा बाजूला हलत असेल, तर आतल्या खाचा आणि आस झिजले आहेत असे समजावे. फ्रिझनही हलवून पाहावी. ती पूर्ण मिटलेली किंवा पूर्ण उघडलेली अशा दोनच स्थितींत थांबली पाहिजे. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धातील उत्तम बंदुकांत फ्रिझन आणि तिची कमान यांच्यामध्ये एक चिमुकले चाक बसवलेले असते. ते आजही फिरत असेल तर त्या बंदुकीची निगा कोणीतरी प्रेमाने राखली होती असे खुशाल म्हणावे. मात्र गार न बसवता घोडा जोरात सोडून पाहणे हा अक्षम्य अडाणीपणा आहे. दोनशे वर्षे टिकलेला घोडा त्या एका आघाताने मानेपाशी तुटू शकतो.

नळीकडे पाहताना बाहेरच्या झळाळीवर विसंबू नये. शिकारी बंदुकांच्या नळ्या मूळच्या पांढऱ्या लखलखीत फारशा नसत. रसायनांनी हळूहळू गंज चढवून त्यांना गडद तपकिरी रंग दिला जाई. त्यामुळे पक्ष्यांच्या डोळ्यांत चमक जात नसे आणि पोलादावरची वळणदार नक्षी उठून दिसे. ही नक्षी लोखंडाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून ठोकताना आपोआप उमटते. घोड्यांच्या नालांचे जुने खिळे गोळा करून त्यांतून नळ्या घडवण्याची कला स्पेनच्या माद्रिद शहरात भरास आली होती. तिथल्या नळ्या इंग्लंडमध्ये इतक्या मानाच्या समजल्या जात की इंग्रज बंदूककार त्या आणून आपल्या बंदुकीवर बसवत. माद्रिदच्या कारागिरांचे सोन्याने भरलेले ठसे म्हणूनच मोलाचे, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही त्याच काळापासून होत आल्या. कोणी नळी पॉलिश करून पांढरी केली असेल, तर मूळ रंग गेला, कोरीव अक्षरांच्या कडा बोथट झाल्या, आणि ते पुन्हा आणण्याचा कोणताही मार्ग नाही. नव्याने चढवलेला तपकिरी रंग ओळखू येतो. तो खड्ड्यांच्या आतही तितकाच ताजा दिसतो. मूळ रंग मात्र उंचवट्यांवर, हात लागतो त्या जागी, विरळ होत गेलेला असतो.

नळी आखूड केली आहे का, हा दुसरा प्रश्न. तोंडाशी फाटलेली किंवा फुगलेली नळी कापून टाकणे हा जुना उपाय होता. माशी नळीच्या अगदी टोकाला चिकटलेली असणे, गज नळीच्या तोंडाबाहेर डोकावणे, गज अडकवण्याच्या नळकांड्यांमधील अंतर विषम असणे या खुणा एकत्र आढळल्या तर कापाकापीचा संशय बळावतो. नळीच्या आत गंजाचे खळगे असणे ही फार मोठी उणीव नाही, कारण अशी बंदूक कोणी उडवणार नसते. नळीला तडा, फुगवटा किंवा जोडणीची शिवण उकललेली असणे मात्र गंभीर.

लाकूड सर्वांत जास्त बोलके असते. मूळ अवस्थेत अक्रोडाचे लाकूड धातूच्या पट्टीशी तंतोतंत समतल किंवा किंचित वर असते. कारागीर ते तसेच ठेवत, कारण पुढे ते थोडे आकसणार हे त्यांना ठाऊक असे. बोट फिरवल्यावर धातूची कड लाकडाच्या वर लागत असेल, तर कोणीतरी पॉलिशकागद घेऊन लाकूड घासले आहे. मनगटासारख्या बारीक जागी, म्हणजे जिथे हाताची मूठ बसते तिथे, दस्ता सर्वांत कमकुवत असतो. पडझडीत तो तिथेच मोडतो. जुनी दुरुस्ती असेल तर लाकडाच्या रेषा एके ठिकाणी अचानक तुटतात. मुठीवरची चौकडीची खाचनक्षी झिजून सपाट झाली असेल तर ते वापराचे चिन्ह. ती झिजलेल्या दस्त्यावर नव्या नवेलीसारखी टोकदार दिसत असेल, तर नंतर कोणीतरी ती पुन्हा कोरली आहे. स्क्रूंच्या डोक्यावरील खाचाही पाहाव्यात. योग्य मापाच्या पेचकसाऐवजी स्वयंपाकघरातल्या सुरीने त्या उघडल्या गेल्या असतील, तर आत काय काय घडले असेल याची कल्पना तिथेच येते.

आता केपाच्या बंदुकांकडे. १८३० च्या सुमारास चकमकीची बंदूक केपाची करताना बंदूककार घोडा, फ्रिझन, तिची कमान आणि रंजकाची वाटी काढून टाकत. फ्रिझनच्या आसाची आणि कमानीची छिद्रे बुजवली जात, कान्याच्या जागी केप बसवण्याची नळी येई आणि नवा, हातोड्यासारखा घोडा लागे. विसाव्या शतकात संग्राहकांची आवड पुन्हा चकमकीकडे वळली, भाव चढले आणि उलटा उद्योग सुरू झाला. केपाच्या झालेल्या बंदुकांना पुन्हा वाट्या, फ्रिझन आणि घोडे बसवून त्या मूळच्या चकमकीच्या म्हणून विकल्या जाऊ लागल्या. अशा ‘परतवलेल्या’ बंदुकीची विक्री तसे स्पष्ट सांगून होत असेल, तर तिच्यात गैर काही नाही. ते लपवले जाते तेव्हा ती सरळ फसवणूक असते, आणि पारखीचा खरा कस इथेच लागतो.

रंजकाचा जळका अंश आर्द्रता शोषून पोलाद खातो. म्हणून खऱ्या चकमकीच्या बंदुकीत वाटी, तिच्याशेजारची नळीची कड आणि कान्याभोवतीचा भाग यांच्यावरच खळगे सर्वाधिक असतात. कान्याभोवती नळी खाल्लेली आहे आणि लगतची वाटी मात्र कोरी करकरीत, असे दिसले तर वाटी नवी आहे, यात शंका नको. नळी आणि वाटी दोन्ही पूर्णपणे स्वच्छ असतील तर बंदूक क्वचितच वापरली गेली असावी, किंवा ती जागा भरून घासलेली असावी. उरलेल्या भागाची झीज पाहिली की यांतले कोणते खरे, ते ठरवता येते. घोड्यावरच्या नक्षीची धाटणी लॉकच्या पट्टीवरच्या नक्षीशी जुळली पाहिजे. पानांची वळणे एकाच हाताची आहेत की दोन हातांची, हे भिंगातून सहज कळते. घोडा खाली आल्यावर त्याचा खांदा पट्टीच्या वरच्या कडेवर नीट टेकला पाहिजे. परक्या बंदुकीचा घोडा आणून बसवला असेल तर हे जमत नाही. लॉक खोलून आतली बाजू पाहता आली तर बरेच कोडे सुटते. बुजवलेली छिद्रे बाहेरून घासून नाहीशी करता येतात, आतल्या बाजूने मात्र त्यांची वर्तुळे बहुधा राहतात. कान्याच्या अस्तरावरही लक्ष ठेवावे. उत्तम बंदुकांना जळण्यापासून रक्षण म्हणून कान्याला सोन्याचे अस्तर असे, आणि १९ व्या शतकाच्या आरंभी प्लॅटिनमचाही वापर होऊ लागला. १७७५ ची म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बंदुकीला प्लॅटिनमचे अस्तर असेल, तर निदान तेवढा भाग तरी नंतरचा आहे.

यात एक मतभेदाचा मुद्दा आहे, आणि त्यावर ठाम भूमिका घेणे योग्य ठरते. १८३० मध्ये केपाची करून घेतलेली मँटनची बंदूक हा स्वतःच एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. मालकाने ती इतकी प्रिय मानली की टाकून न देता नव्या काळाशी जुळवून घेतली, ही कथा तिच्या अंगावर लिहिलेली आहे. ती पुसून, १७९५ ची काल्पनिक अवस्था बनवणे म्हणजे खऱ्या इतिहासाच्या बदली खोटा इतिहास विकत घेणे. अलीकडे चांगले संग्राहक अशा बंदुका जशा आहेत तशाच ठेवू लागले आहेत. त्यांचे भाव तुलनेने उतरलेले असल्याने मर्यादित ऐपतीच्या अभ्यासकाला उत्तम कारागिरी पाहण्याची ती एक चांगली वाटही आहे.

नावांवर विश्वास ठेवण्यापूर्वी ठसे वाचावेत. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली. ते मंडळ जादा दारू भरून नळीची कसोटी घेई आणि उत्तीर्ण नळीवर मुकुटाखाली जी आणि पी ही गुंफलेली अक्षरे, तसेच मुकुटाखाली व्ही, असे शिक्के मारी. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. त्याच्या शिक्क्यांत मुकुटासह फुलीसारखे आडवे राजदंड असतात. त्यामुळे १७९० ची, लंडनची म्हणून मिरवणाऱ्या बंदुकीच्या नळीखाली बर्मिंगहॅमचे राजदंड दिसले, तर विक्रेत्याची कहाणी तिथेच कोसळते. ती नळी तरी नंतरची असते किंवा नाव तरी उसने असते. शिक्के बहुधा नळीच्या खालच्या बाजूला असल्याने नळी दस्त्यापासून सोडवून पाहणे आवश्यक असते. चांदीची सजावट असेल तर चांदीवरच्या हॉलमार्कमधील वर्षाचे अक्षर बंदुकीच्या घडणीचा काळ जवळजवळ नेमका सांगते. मोठ्या बंदूककारांच्या बंदुकांना अनुक्रमांक असत. मँटन बंधूंच्या अनुक्रमांकांवरून वर्ष काढता येते ते प्रामुख्याने कीथ नील आणि डी. एच. एल. बॅक यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे. मँटन हे नाव इतके विकाऊ होते की त्याच्या हयातीतच त्याची नक्कल होऊ लागली. नावातले एखादे अक्षर चुकलेले, कोरीवकाम ढोबळ, अनुक्रमांक नाही, अशी ‘मँटन’ पाहून हरखून जाऊ नये.

अमेरिकेत नॅशनल रायफल असोसिएशनची अवस्थेची एक श्रेणीपद्धत प्रचलित आहे. मूळ सर्व भाग आणि ८० टक्क्यांहून अधिक मूळ मुलामा असल्यास ‘उत्कृष्ट’, ३० टक्क्यांहून अधिक असल्यास ‘उत्तम’, अशी ती उतरत जाते. विक्रेत्यांच्या याद्या वाचायला ती उपयोगी आहे. पण ती कारखान्यात एकसारख्या बनलेल्या शस्त्रांना जितकी नीट लागू पडते, तितकी हाताने घडवलेल्या, दोनशे वर्षे वापरलेल्या इंग्लिश बंदुकीला पडत नाही. टक्केवारीपेक्षा ‘काय मूळ आहे आणि काय बदलले आहे’ याचे प्रामाणिक टिपण अधिक उपयोगी.

भारताचा या विषयाशी संबंध नुसता आयातीचा नाही. दख्खनमध्ये तोड्याची बंदूक दीर्घकाळ टिकली. ती स्वस्त होती, गावचा लोहार ती दुरुस्त करू शके आणि पावसाळा सोडला तर भरवशाची होती. तरी महादजी शिंदे यांच्या द ब्वाञ याने उभारलेल्या पलटणींना चकमकीच्या बंदुका लागत आणि त्या आग्र्यात बनत असत. त्या लष्करी बंदुका होत. शिकारी बंदुकांत भारतीय कारागिरीचा कळस म्हणजे श्रीरंगपट्टणच्या टिपू सुलतानाच्या कारखान्यांतील बंदुका. वाघाचे मुख आणि वाघाच्या अंगावरचे पट्टे ही त्यांची ओळख. त्यांच्यावरचे वर्ष टिपूने सुरू केलेल्या मौलुदी गणनेनुसार असते आणि त्यातील अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात. हे ठाऊक नसलेल्या अनेकांनी त्या तारखा चुकीच्या लावल्या. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडल्यानंतर यांतील बऱ्याच बंदुका ब्रिटनला गेल्या. मार्च २०१९ मध्ये इंग्लंडमधील एका लिलावात टिपूच्या संग्रहातील चांदीने मढवलेली २० बोअरची शिकारी बंदूक ६० हजार पौंडांना विकली गेली. ती एका घराच्या माळ्यावर पडून होती आणि तिच्यावर लढाईतील हानीच्या खुणा असल्याचे सांगितले गेले. कोणी ती मधल्या काळात ‘दुरुस्त’ केली असती, तर तिच्याविषयीचे कुतूहल इतके टिकले असते का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

भारतात जुन्या वाड्यांत, संस्थानिकांच्या आणि इनामदारांच्या घरांत अशा बंदुका आजही निघतात. त्यांच्याबाबत कायदा ध्यानात ठेवावा लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ मधील कलम ४५ जुन्या किंवा पुराणवस्तुमूल्य असलेल्या शस्त्रांना सूट देते, पण ती दुरुस्त करूनही वापरता येणार नाहीत अशाच स्थितीत असतील तर. घोडा चढतो, ठिणगी पडते, नळी शाबूत आहे, अशी बंदूक या सवलतीत बसेलच असे गृहीत धरता येत नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये संग्राह्य जुन्या शस्त्रांच्या बाळगण्याविषयी काही अटी सैल केल्या. मात्र अशी शस्त्रे वापरणे, बरोबर बाळगणे किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे यासाठी परवाना लागतोच. घरात बंदूक सापडल्यास जिल्हा प्रशासनाच्या परवाना शाखेकडे लेखी विचारणा करणे हाच शहाणपणाचा मार्ग. पुराणवस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुराणवस्तू ठरते आणि तिची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. परदेशी ग्राहकाने मोठी किंमत सांगितली म्हणून आजोबांची बंदूक पार्सलने पाठवणारा माणूस स्वतःला गुन्ह्यात अडकवून घेतो. ब्रिटन आणि अमेरिकेत चकमकीच्या बंदुकांना त्यांच्या जुनेपणामुळे बरीच मोकळीक आहे. तिथले नियम वाचून इथे तसे वागणे धोक्याचे आहे.

प्रत्यक्ष खरेदी न करताही डोळा तयार करता येतो. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा यांतील शस्त्रदालनांत जुन्या शस्त्रांचा चांगला संग्रह आहे. काचेपलीकडची बंदूक हातात घेता येत नसली, तरी लाकूड आणि धातू जिथे मिळतात ती रेष, मुठीवरची झीज आणि घोड्याचा खांदा हे तीन तपशील काचेतूनही दिसतात. बाजारात सजावटीसाठी बनवलेल्या प्रतिकृती आणि खैबर खिंडीच्या परिसरात बनलेल्या नकला पुष्कळ आहेत. त्यांच्यावरची उलटी अक्षरे आणि अशक्य वर्षे या तपशिलांच्या सरावानंतर नजरेतून सुटत नाहीत.

अस्सल बंदूक हाती आली आणि ती कायद्याने ठेवता आली, तर तिची निगा फार थोडी मागते. पॉलिशकागद, चिंच, लिंबू, पितळ घासायची पूड यांपैकी काहीही तिच्या जवळ आणू नये. ताजा लाल गंज असेल तर तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने तो हळूहळू उतरवावा, आणि तपकिरी रंग दिसू लागताच थांबावे. धातूवर तेलाचा अत्यंत पातळ थर पुरतो. लाकडाला तेल पाजू नये, त्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा हलका हात फिरवावा. घोडा नेहमी उतरवलेला असावा, म्हणजे कमानीवर ताण राहत नाही. उघड्या हाताच्या घामाने पोलादावर बोटांचे ठसे गंजून उमटतात, म्हणून सुती हातमोजे वापरावेत. किनारपट्टीच्या दमट हवेत कापडी किंवा चामडी खोळीत बंदूक कधीही ठेवू नये, कारण खोळ ओल धरते. बंदूक उभी ठेवायची झाल्यास नळीचे तोंड खाली करून ठेवावी. तोंड वर असेल तर तेल हळूहळू निथळत लॉकच्या बाजूने दस्त्यात उतरते, आणि काही वर्षांत तिथले अक्रोड काळे पडून भुसभुशीत होते.